फॅशिया हाताने शिकायचाय? मग आधी बोटांना थर कळू देत

बडोद्यात हल्ली फिजिओ इंटर्न असो, योगा टीचर असो नाहीतर जिमचा ट्रेनर, फॅशियाचं, म्हणजे कातडीखालच्या आणि स्नायूंभोवतीच्या आवरणांच्या जाळीचं, नाव घेतल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. फोम रोलर, कपिंग, स्टीलच्या पट्ट्यांनी घासणं, सगळं ‘फॅशिया रिलीज’ या एकाच नावाखाली खपतं, आणि विचारलं की बाबा रे, आत्ता तुझं बोट नक्की कशावर आहे, तर उत्तर येतं “फॅशियावर”. कुठल्या? इथे गाडी अडते. तर कोर्सची फी भरायच्या आधी घरच्या घरी, एखाद्या पार्टनरबरोबर आणि जमलंच तर डिसेक्शन हॉलमध्ये (देह उघडून शिकायची खोली) काय काय करून बघता येतं ते क्रमाने सांगते. वेळ कमी असेल तर बाकीचं मागेपुढे करा, पण स्वतःच्या हातावरची पायरी गाळू नका.

थोडं कागदावरचं

हे पटकन उरकू. कातडीखाली पहिला येतो सुपरफिशियल फॅशिया, म्हणजे चरबीच्या गोळ्यांमधून विणलेली सैल जाळी, कातडीला जाणाऱ्या नर्व्ह आणि बारीक रक्तवाहिन्या यातूनच जातात. त्याच्या खाली डीप फॅशिया, पांढरा आणि चिवट, मांडीला तर तो लांब मोजा घातल्यासारखा चहूबाजूंनी असतो. त्याच्याही आत प्रत्येक स्नायूचं स्वतःचं आवरण एपिमायसियम, स्नायूतल्या जुडग्यांभोवती पेरिमायसियम आणि एकेका तंतूभोवती एंडोमायसियम. थरांच्या मध्ये हायल्युरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, त्याच्यामुळे थर एकमेकांवर सरकतात. इटलीत पाडुआच्या कार्ला स्टेको यांच्या गटाने हा पदार्थ बनवणाऱ्या पेशींना २०१८ मध्ये फॅशियासाइट असं नाव दिलं. फॅशियावरची पहिली आंतरराष्ट्रीय रिसर्च काँग्रेस बॉस्टनला भरली ती २००७ साली, म्हणजे विषय अजून तरुण आहे आणि बऱ्याच गोष्टींवर तज्ज्ञांचं आपसात एकमत नाही, हे ध्यानात असलं की इन्स्टावरच्या रील बघताना डोकं जागेवर राहतं.

पहिली पायरी: स्वतःचा हात, कोरडा

तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही. नखं कापलेली. डावा हात टेबलावर सैल ठेवा आणि उजव्या हाताची दोन बोटं फोअरआर्मवर (कोपर ते मनगट) टेकवा, घासू नका, बोट कातडीला चिकटून कातडीसकट सरकलं पाहिजे. वर, खाली, आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला. थोडं सहज जातं आणि मग एका ठिकाणी अडतं, तिथे जोर लावायचा नाही, नुसतं अडल्याचं नोंदवायचं. कातडीला खालच्या थराशी बांधणारे बारीक धागे ताणले गेले की ते अडतं. आता तेच हाताच्या पाठीवर करा, कातडी भरपूर सरकेल. आणि मग तळहातावर करा, जवळजवळ हलणारच नाही, कारण तिथे पामर ॲपोन्यूरोसिस नावाचा जाड पत्रा आहे आणि त्याच्यापासून आखूड उभे धागे थेट कातडीत शिरतात. नवरात्रीत दांडिया गच्च धरली तरी कातडी तिच्याबरोबर फिरत नाही ती या बांधणीमुळे. तळपायाचंही तसंच. पोटावर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, पाठीवर (पाठीला दुसरा माणूस लागेल) सगळीकडे हे करून बघा, एखादा जुना ऑपरेशनचा व्रण असेल तर त्याच्या चारी बाजूंनी बघा, एका बाजूला कातडी जाते आणि दुसऱ्या बाजूला जातच नाही असं हमखास सापडतं.

त्याच हातावर अजून एक. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा, मनगटाच्या मधोमध एक दोरी उभी राहील. ही पाल्मारिस लाँगसची टेंडन (स्नायूच्या टोकाची चिवट दोरी), पुढे जाऊन ती त्या तळहातातल्या पत्र्यातच मिसळते. काही लोकांना हा स्नायू जन्मतःच नसतो, काहींना एकाच हाताला असतो, तेव्हा उभी राहिली नाही तर घाबरून जाऊ नका. घरातल्या सगळ्यांचे हात बघा, अभ्यास पण होतो आणि पोरं पण खूश.

जोराचा अंदाज यायला किचनमधला डिजिटल वजनकाटा घ्या. त्याच्यावर एक बोट टेकवून १०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो असं दाबून बघा, आधी काट्याकडे बघत, मग डोळे मिटून. बहुतेक नवीन लोक ‘हलकं’ म्हणून जे दाबतात ते निघतं भलतंच. मी शिकवताना कातडी सरकवायला १०० च्या आसपासच ठेवायला लावते, हा काही शास्त्रातला आकडा नाही, पण तेवढ्यात कातडी सरकते आणि खालचा स्नायू चिडत नाही.

दुसरी पायरी: लेगपीस

ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी ही सोडून द्या, फॅशियासाठी सासूबाईंशी वाकडं घ्यायची गरज नाही. बाकीच्यांनी चिकनवाल्याला आधीच सांगायचं की कातडी ठेव, आपल्याकडे तो सवयीने काढूनच देतो. घरी पाटावर ठेवून कातडी एका टोकाला धरा आणि अगदी सावकाश ओढा, आणि ओढताना कातडीकडे बघू नका, कातडी आणि मांसाच्या मधल्या फटीकडे बघा. ओले, पारदर्शक धागे ताणले जातात, त्यांच्यात हवेचे बुडबुडे दिसतात, बोटाने हळूच ढकललं की सुटतात, आणि मध्येच एखाद्या रेषेवर एवढे घट्ट असतात की कात्रीच लागते. कातडी सरकते म्हणजे काय आणि अडते म्हणजे काय, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

मग स्नायूवरचा चमकदार पापुद्रा. त्याला कात्रीने लहानसा छेद द्या आणि चमच्याचा दांडा आत घालून पुढे सरकवा, दोन स्नायू न कापता आपोआप वेगळे होतील. हा पापुद्रा चिमटीत धरून ताणून बघा. एवढा पातळ, पण लांब म्हणून होत नाही. आणि तो ओढला की पलीकडे टेंडनजवळ काय हलतं ते बघा, स्नायू जोर लावतो तो फक्त आपल्या टोकाला नाही, बाजूच्या आवरणांनाही खेचतो, हे पुस्तकात दहा वेळा वाचून कळत नाही. एक तुकडा अर्धा तास उघडा ठेवा, थर एकमेकांना चिकटायला लागतील, पाण्याचा हात लावला की परत सरकतील. मात्र यावरून जिवंत माणसाचा फॅशिया ‘पाणी कमी प्यायल्याने सुकतो’ असा निष्कर्ष काढू नका, तो मेलेला, उघड्यावर पडलेला तुकडा आहे. नंतर हात, पाट, कात्री साबणाने स्वच्छ.

तिसरी पायरी: पार्टनर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चार जागा सांगते, या चार नीट आल्या की बाकीच्या शरीरात बोटं आपली आपण वाट काढतात.

कोपर. पार्टनरचा कोपर काटकोनात, तळहात वर, आणि तुम्ही मनगट खाली ढकलताय आणि तो वर वाकवायला बघतोय. बायसेप्सची गोल टेंडन लगेच सापडते. तिच्यावरून बोट आतल्या बाजूला, म्हणजे छातीकडच्या बाजूला सरकवा, एक धारदार कड लागेल जी तिरकी खाली आणि आत जातेय. हे बायसिपिटल ॲपोन्यूरोसिस, बायसेप्स इथून थेट फोअरआर्मच्या डीप फॅशियात घुसतो. पार्टनरला जोर सोडायला सांगा, कड गायब. परत जोर, परत कड. डीप फॅशियाला स्नायू ताण देतो म्हणजे काय ते एवढं स्वच्छ दुसरीकडे कुठे लागत नाही, म्हणून मी सुरुवात इथून करायला लावते. त्याच्या खालीच ब्रेकियल आर्टरी आणि मीडियन नर्व्ह आहेत, नाडी लागली की समजायचं बरोबर आलो, आणि तिथे दाबत बसायचं नाही.

गुडघ्याची बाहेरची बाजू. पार्टनर उताणा, गुडघा सरळ ठेवून पाय थोडा वर उचललेला. वाटीच्या बाहेरच्या कडेपासून बोट मागे न्या, पहिला चपटा पट्टा लागतो तो आयटी बँड, मग एक खळगा, मग गोल दोरी, ती बायसेप्स फिमोरिस या मांडीच्या मागच्या स्नायूची टेंडन, फिब्युलाच्या (पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्याकडे जाणारी. पट्टा आणि दोरी यातला फरक डोळे मिटून सांगता आला पाहिजे. आयटी बँड ही काही वेगळी चिकटवलेली पट्टी नाही बरं का, मांडीच्या त्या डीप फॅशियाचाच तो जाड झालेला भाग आहे, वर टीएफएल (कमरेच्या बाजूचा छोटा स्नायू) आणि ग्लुटियस मॅक्सिमसचा (नितंबाचा मोठा स्नायू) बराचसा भाग त्यात शिरतो आणि खाली तो टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, बाहेरच्या उंचवट्याला लागतो. मॉडेलमध्ये सुटी दिसणारी पट्टी कुणीतरी स्काल्पेलने कापून तशी केलेली असते. फिब्युलाच्या डोक्याच्या मागे, मानेपाशी, पेरोनियल नर्व्ह हाडाला खेटून जाते, तिथे रोलर, कोपर, काहीही दाबून धरायचं नाही.

तळपाय. पार्टनर बसलेला, एक पाय दुसऱ्या मांडीवर. अंगठा मागे, नडगीकडे वाकवा. तळव्यात टाचेपासून पुढे येणारी तार उभी राहते आणि पायाची कमान वर जाते. आता त्याला उभं करा आणि टाच-बोटं जमिनीवर ठेवून फक्त अंगठा तुम्ही उचला, कमान उभ्यानेही वर जाते, आणि नीट बघितलं तर नडगी किंचित बाहेर फिरते. हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये याला विंडलास मेकॅनिझम म्हटलं, चालताना टाच उचलली जाते तेव्हा प्रत्येक पावलाला हेच होतं. नवरात्रीनंतर आपल्याकडे टाच धरून येणाऱ्यांची रांग लागते, नऊ रात्री अनवाणी, कडक मैदानावर, आणि वर्षभर ऑफिसात बसलेला माणूस. “सवारे पहेलुं पगलुं मूकुं ने दुखे छे” (सकाळी पहिलं पाऊल टाकलं की दुखतं) असं पेशंट म्हणाला की प्लांटर फॅशियाचा, म्हणजे तळव्यातल्या याच तारेचा, संशय घ्यायचा, पण हात लावताना ही तार कुठे आहे, टाचेच्या आतल्या बाजूची दुखणारी जागा कुठे आहे आणि पोटरी किती आवळली आहे, हे तिन्ही वेगवेगळं लिहून काढा.

कंबर. इथे मी मुद्दाम आवरतं घेते, कारण इथेच सगळ्यात जास्त थापा चालतात. पार्टनर पालथा, तुमचे दोन्ही तळहात कंबरेच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना. त्याला एक पाय किंचित उचलायला सांगा, मग विरुद्ध हात. थोराकोलंबर फॅशियाचा मागचा थर या भागावर पसरलेला आहे आणि एका बाजूचा लॅटिसिमस (पाठीचा रुंद स्नायू) आणि दुसऱ्या बाजूचा ग्लुटियस मॅक्सिमस त्याच्यातून जोडलेले आहेत, हे ॲनाटॉमीत पक्कं आहे. पण हाताला जे लागतं ते मुख्यतः खालच्या, मणक्याशेजारच्या इरेक्टर स्नायूचं आवळणं असतं, फॅशिया एकटा वेगळा काढून चाचपता येत नाही. जो म्हणेल मला येतो, त्याला अल्ट्रासाउंड मशीनशेजारी बसवा. २०११ मध्ये हेलेन लाँजेव्हिन यांच्या टीमने अल्ट्रासाउंडवर मोजलं, तर जुनी कंबरदुखी असलेल्यांमध्ये या फॅशियाच्या थरांचं एकमेकांवरचं सरकणं साधारण २० टक्के कमी निघालं. दुखतंय म्हणून सरकणं कमी की सरकणं कमी म्हणून दुखतंय, ते त्यातून ठरत नाही. ओळखीत कुणी सोनोग्राफीवाले डॉक्टर असतील आणि तयार असतील तर मांडीवर प्रोब ठेवून स्नायू आवळताना आणि सोडताना थर कसे सरकतात ते एकदा बघाच, दहा मिनिटं पुरे होतात.

चौथी पायरी: डिसेक्शन हॉल

फिजिओच्या विद्यार्थ्यांना हे अभ्यासातच असतं, फक्त तिथे फॅशिया म्हणजे ‘स्नायू दिसावा म्हणून आधी काढून टाकायचा कचरा’ अशी सवय लागलेली असते. तुमच्या टेबलवर मांडीचं डिसेक्शन असेल तर सरांना विनंती करा की फॅशिया लाटा (मांडीचा डीप फॅशिया) अख्खा उचलू द्या, तुकडे नको. ग्लुटियस मॅक्सिमस त्यात कसा जातो ते हाताने ओढून बघा.

योगा टीचर, ट्रेनर मंडळींना थेट प्रवेश नसतो. बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ पासून आहे, एसएसजी हॉस्पिटलला लागूनच, पण म्हणून उठून जाता येत नाही, एखाद्या संस्थेमार्फत ॲनाटॉमीच्या विभागप्रमुखांच्या नावे लेखी अर्ज करावा लागतो, आणि परवानगी मिळेलच असं नाही. मिळाली तर मोबाइल बाहेर, फोटो नाही, फाजील गप्पा नाहीत, टेबलावर आहे तो कुणाच्या तरी घरचा माणूस आहे आणि देहदान करून आलाय. अजून एक, फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या देहात फॅशिया कडक होतो आणि थर चिकटतात, तेव्हा ‘अरे हा तर पुठ्ठा’ असं वाटेल, जिवंत माणसात तसा नसतो. हॉल नाहीच मिळाला तर फॅशियाचं प्लास्टिनेशन (पाणी आणि चरबी काढून प्लास्टिक भरणं) केलेल्या देहाचे फोटो बघा, फ्रेया नावाचा असा पहिला पूर्ण देह २०२१ मध्ये बर्लिनला लोकांसमोर आला, जाळी अखंड आहे याचा अंदाज त्यावरून चांगला येतो.

पाचवी पायरी: तोंडावर ताबा

हात तयार होत असतानाच बोलणं पण तयार करा. “मी तुमचा फॅशिया मोकळा केला”, “गाठ फोडली”, “ॲडहेजन (चिकटलेले थर) तोडले” ही वाक्यं टाकून द्या. २००८ मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी गणिती मॉडेल मांडलं, त्यात प्लांटर फॅशिया आणि फॅशिया लाटा नुसता १ टक्का दाबायला किंवा सरकवायला लागणारा जोर माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा निघाला. लेगपीसचा पापुद्रा ताणून बघितलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. मग हात लावल्यावर बरं का वाटतं? फॅशियात आणि कातडीत भरपूर नर्व्हची टोकं आहेत, स्पर्शाने दुखण्याची जाणीव आणि स्नायूचा ताण बदलतो, थरांमधलं सरकणं थोडं सुधारत असेल अशीही मांडणी आहे. पेशंटला एवढंच सांगा, “आता थोडा वेळ हालचाल सोपी होईल, तेवढ्यात आपण व्यायाम करून घेऊ.” खोटंही नाही आणि पुढचं काम पण होतं.

साखळ्यांचं पण तसंच. डोक्यापासून तळपायापर्यंत जाणाऱ्या मायोफॅशियल लाइन्सची रंगीत चित्रं सगळ्यांच्या क्लिनिकमध्ये लागलेली असतात. २०१६ मध्ये विल्के आणि सहकाऱ्यांनी देहावरचे अभ्यास गोळा करून तपासले, पाठीमागच्या लाइनला आणि पुढच्या-मागच्या फंक्शनल लाइनला चांगला पुरावा मिळाला, स्पायरल आणि बाजूच्या लाइनला मध्यम, आणि पुढून जाणाऱ्या सुपरफिशियल फ्रंट लाइनला काहीच नाही. पाठीमागची लाइन स्वतः तपासा, पार्टनरला उभ्याने पुढे वाकवून बोट ते जमीन अंतर टेपने मोजा, मग टेनिस बॉलवर दोन्ही तळपाय प्रत्येकी दोन मिनिटं फिरवून परत मोजा. २०१५ मध्ये असाच छोटा अभ्यास झाला होता आणि लगेचची लवचिकता वाढलेली दिसली. पण दुसऱ्या पार्टनरला बॉल न देता नुसतं दोनदा वाकवून मोजा, त्याचंही अंतर बऱ्याचदा कमी होतं! ही तुलना न करता जो व्हिडिओ टाकतो त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका.

कुणाला हात लावायचा नाही

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, पोटरी एकाच बाजूची सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, हाडं ठिसूळ असतील, डायबिटीसमुळे तळपाय बधिर असेल, ताप असेल, कातडीला जखम किंवा इन्फेक्शन असेल, तर जोर-बिर काही नाही, आधी डॉक्टर. मार लागल्यावर पोटरी दगडासारखी घट्ट होऊन बोटं हलवली तरी जीव जाईल असं दुखत असेल तर ते मालिशचं काम नाही, ती कंपार्टमेंट सिंड्रोमची इमर्जन्सी असू शकते, तिथे सर्जन फॅशिया कापून दाब मोकळा करतात, सरळ हॉस्पिटल गाठायचं. काळंनिळं पडणं म्हणजे ‘टॉक्सिन निघालं’ नव्हे, बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, एवढंच.

आणि विचारून हात लावा. कुठे लावणार, किती वेळ, कपडे कुठपर्यंत सरकवावे लागतील, नको वाटलं तर लगेच सांगा, हे दर वेळी, ओळखीच्या काकूंना सुद्धा. ट्रेनर आणि योगा टीचरांनी निदान आणि उपचार आपल्या अंगावर घ्यायचे नाहीत, अलाइड हेल्थचा २०२१ चा केंद्राचा कायदा आहे त्यात फिजिओथेरपी येते, वीकएंडच्या सर्टिफिकेटने कुणी थेरपिस्ट होत नाही.

आता कोर्स आणि सराव

हाताने शिकायची हौस बडोद्याला नवी नाही, दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरातल्या माणिकरावांचं नाव हाडं बसवण्यासाठी पण घेतलं जायचं. पण ते वर्षानुवर्षं रोज अंगं हाताळून आलेलं होतं, दोन दिवसात नव्हे. कोर्स निवडताना शिकवणाऱ्याला विचारा की एका टेबलामागे किती जण, माझा हात कोण तपासणार, देहावरचं काही दाखवणार की नुसत्या स्लाइड, आणि ज्या गोष्टीला पुरावा नाही ती कुठली ते सांगणार का. शेवटच्या प्रश्नावर चिडला तर पैसे वाचले.

सरावाला तिघं बरे पडतात, एक झोपणार, एक चाचपणार आणि तिसरा पुस्तक उघडून “थांब, तू पुढे गेलास” म्हणणार. आठवड्यातून एकदा तासभर, आणि दर वेळी झोपणारा माणूस बदला, बारीक, जाड, साठीचे काका, गरबा खेळणारी, मल्लखांबवाला, नाहीतर बोटांना एकच शरीर पाठ होतं. वहीत तारीख, जागा, कुठल्या दिशेला अडलं, दाबल्यावर तो स्वतः काय म्हणाला ते त्याच्याच शब्दात, “खेंचाय छे” (ओढल्यासारखं होतंय) तर “खेंचाय छे”च लिहा. आधीचं माप, नंतरचं माप. शिकायच्या दिवसात तेल वापरायचं नाही हे परत सांगते, तेलावर बोट वरच्यावर घसरतं आणि खालचं काही कळत नाही.